झरणीच्या पाण्यात राक्षस आहे का?

प्रश्न : बीदरच्या झरणी नरसिंहाला गेलो की आजी बजावते, ‘जपून चाल, हे पाणी म्हणजे राक्षस आहे.’ हा राक्षस कोण? आपल्या विहिरींतल्या साती आसरांपैकीच काही का?
— एक वाचक, हुमनाबाद

उत्तर : आजी सांगतात तो जलासुर. हा शिवभक्त असुर झरणीच्या गुहेत राहायचा. हिरण्यकशिपूला मारल्यावर नरसिंहाने त्याचाही वध केला. मरताना त्याने मागणं मागितलं, की देवाने इथेच राहावं आणि येईल त्या भक्ताला पावावं. मग तो स्वतः पाणी होऊन देवाच्या पायांशी वाहू लागला. सुमारे तीनशे मीटरचं भुयार छातीभर पाण्यातून पार केल्यावर नरसिंहाबरोबर शिवलिंगही दिसतं, ते जलासुराच्या पूजेतलं मानतात.

आसरांची गोष्ट वेगळी. त्या सात जणी डोहात, विहिरीत वस्तीला असतात. काठावर सात दगडांना शेंदूर लावून हिरव्या बांगड्या, खण वाहिला की त्या शांत राहतात. मान चुकला तर धरतात, असं म्हणतात. म्हणून लोक त्यांच्या पाण्यापासून बिचकून असतात. जलासुर पाण्यात राहत नाही, तोच पाणी आहे. देवापर्यंत जायचं तर त्याच्यातूनच चालावं लागतं.

आता हे पाणी येतं कुठून? बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलंय. जांभा सच्छिद्र, त्यात पाऊस मुरतो. खाली चिकणमातीचा थर आणि काळा पाषाण लागला की पाणी आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला झरा होऊन फुटतं. बीदरचाच नानक झिरा हाही असाच कडेचा झरा. तिथली कथा सांगते, की गुरू नानकांनी पायाने दगड सरकवला आणि गोडं पाणी लागलं. बहमनींच्या काळात, 15 व्या शतकात, हेच मुरलेलं पाणी नौबादजवळ जमिनीखालच्या कालव्याने गावाकडे वळवलं. इराणी पद्धतीचा हा कालवा म्हणजे आजची सुरंग बावी.

उन्हाळ्यात भोवतालच्या विहिरी तळ गाठत असताना कड्यातून पाणी वाहताना दिसलं, तर त्याला कुणीतरी धनी हवाच. एका झऱ्याला असुर मिळाला, दुसऱ्याला गुरू. पाण्याचा साठा मात्र दोघांचाही पठारावर पडणाऱ्या पावसाचाच. तेव्हा आजींचा जलासुर वाहता ठेवायचा असेल, तर वरच्या माळावर पाऊस मुरायला मोकळी जमीन राहू द्यायला हवी.