दोन जुने फोन आणि आजीचे एक काम

(कॅडेट, इयत्ता दहावी)

आमच्या शाळेत कॅडेटला स्वतःचा फोन ठेवता येत नाही. रविवारी रांगेत उभे राहून घरी फोन करायचा, तेवढाच आमचा आणि फोनचा संबंध. म्हणून सुट्टीत घरी गेलो की हा विषय जरा जास्तच जवळचा वाटतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दिल्लीला गेलो होतो. बाबांचे कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गावरच्या संरक्षण कार्यालय संकुलात आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आजीही आली होती. कपाट आवरताना आईला दोन जुने फोन सापडले. एक सॅमसंग गॅलॅक्सी वाय आणि दुसरा शाओमीचा रेडमी ४ए. चार्जिंगला लावल्यावर दोन्ही सुरू झाले. बाबा म्हणाले, "आजीला गावी स्वतःचा फोन हवाच आहे. दोन्हींची नीट तुलना कर आणि कोणता द्यायचा ते तूच सांग. पण कारणे देऊन."

आजीला फोन हवा होता, त्यामागे एक अडचण होती. आमचे आजोबा पोस्टमन होते. ते गेल्यापासून आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते चालू राहावे म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा दाखला नोव्हेंबर महिन्यात देतात. ८० वर्षांवरील लोकांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. आजी ८१ वर्षांची आहे. मागच्या वर्षी एका केंद्रावर ठसे घेणाऱ्या यंत्राला तिची बोटे ओळखताच आली नाहीत. जन्मभर खुरपणी, भांगलण आणि भांडी-धुणी करून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. तिला तीन खेपा घालाव्या लागल्या. ती म्हणाली होती, "मी जिती हाय हे मीच सांगायचं, आन माझीच बोटं साक्ष देईनात!"

१. कागदावरची तुलना

गॅलॅक्सी वाय २०११ मध्ये आला. सॅमसंगने तेव्हा फोनच्या नावात एक अक्षर घालायला सुरुवात केली होती. 'वाय' म्हणजे 'यंग', तरुणांसाठीचा स्वस्त फोन. तो जवळजवळ माझ्याच वयाचा आहे. तेव्हा ३जी नवे होते. दिल्लीत एमटीएनएलने ते डिसेंबर २००८ मध्ये सुरू केले होते आणि खासगी कंपन्यांचे ३जी त्यानंतर आले.

रेडमी ४ए भारतात मार्च २०१७ मध्ये ५,९९९ रुपयांना आला. त्याआधी सहा महिने, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओची ४जी सेवा सुरू झाली होती. म्हणजे दोन्ही फोन स्वस्त वर्गातले, पण एक ३जीच्या काळातला आणि दुसरा ४जीच्या.

मी वहीत पुढीलप्रमाणे तुलना केली.

पडदा : वाय ३ इंच, २४० × ३२० ठिपके. रेडमी ५ इंच, ७२० × १२८० ठिपके.
प्रोसेसर : वाय एक गाभा, ८३२ मेगाहर्ट्झ. रेडमी चार गाभे, १.४ गिगाहर्ट्झ.
रॅम : वाय सुमारे २९० एमबी. रेडमी २ जीबी.
कॅमेरा : वाय मागे २ मेगापिक्सेल, पुढे कॅमेराच नाही. रेडमी मागे १३, पुढे ५ मेगापिक्सेल.
बॅटरी : वाय १,२०० एमएएच, नखाने झाकण उघडून काढता येते. रेडमी ३,१२० एमएएच, आत बंद.
वजन : वाय सुमारे ९८ ग्रॅम. रेडमी सुमारे १३२ ग्रॅम.
नेटवर्क : वाय ३जीपर्यंत. रेडमी ४जीपर्यंत.
प्रणाली : वाय अँड्रॉइड २.३. रेडमी आधी अँड्रॉइड ६, नंतर ७.१.

ठिपक्यांचा गुणाकार करून पाहा. वायच्या पडद्यावर ७६,८०० ठिपके आहेत आणि रेडमीच्या पडद्यावर ९,२१,६००. म्हणजे बरोबर बारा पट. आठ मुद्द्यांपैकी सात रेडमीने जिंकले. वायला एकच गुण मिळाला, हलकेपणाचा.

२. रस्त्यावरची तुलना

नकाशावाचन वर्गात शिकवतात, पण त्याची परीक्षा मैदानात होते. म्हणून एका सकाळी दोन्ही फोन घेऊन मी कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत कस्तुरबा गांधी मार्गाने चालत गेलो. या रस्त्याचे जुने नाव कर्झन रोड. लांबी दोन किलोमीटरांहून थोडी कमी. वाटेत ब्रिटिश कौन्सिलची चार्ल्स कोरिया यांनी रचलेली इमारत लागते आणि नवे महाराष्ट्र सदनही याच मार्गावर आहे.

पहिली चाचणी जीपीएसची. रेडमीने इंटरनेटच्या मदतीने एका मिनिटाच्या आत आपली जागा दाखवली. वायमध्ये इंटरनेट नव्हते. तो दहा मिनिटांहून जास्त वेळ शोधतच होता. मग निळा ठिपका आला, पण त्याच्याखाली नकाशाच नव्हता, नुसती कोरी चौकट! कारण असे : जीपीएसचा उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो. सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. नव्या फोनला ही माहिती नेटवर्ककडून आयती मिळते. वायला ती आकाशातून थेंब थेंब गोळा करावी लागली. तरी त्याने ती केली, हे मला महत्त्वाचे वाटले.

दुसरी चाचणी कॅमेऱ्याची. कार्यालयांच्या बाजूला कॅमेरा न वळवता मी महाराष्ट्र सदनाच्या नावाचा फोटो दोन्हींनी काढला. दोन्हींत अक्षरे वाचता आली. घरी येऊन आजीच्या पासबुकाचे पान जवळून टिपले. रेडमीच्या फोटोत आकडे स्वच्छ होते, वायच्या फोटोत सगळे धूसर. वायच्या कॅमेऱ्याचा फोकस एका जागी पक्का केलेला आहे; लांबचे नीट दिसते, अगदी जवळचे दिसत नाही. चष्मा हरवलेल्या आजीसारखेच!

तिसरी चाचणी इंटरनेटची, आणि इथे वाय पूर्ण थांबला. घरच्या वायफायला तो जोडला गेला, पण बहुतेक संकेतस्थळे उघडेनात. अँड्रॉइड २.३ वर व्हॉट्सॲप १ फेब्रुवारी २०२० पासून बंद झाले. २७ सप्टेंबर २०२१ पासून गुगलच्या खात्यातही या प्रणालीवरून प्रवेश मिळत नाही. फोन तर बिघडलेला नव्हता. मग झाले काय?

३. फोन जुना कसा होतो?

मित्रांनो, रात्रीच्या पहाऱ्याचा परवलीचा शब्द आठवा. शब्द बदलला आणि एखाद्या कॅडेटला तो कळलाच नाही, तर तो कितीही धडधाकट असला तरी पहारेकरी त्याला आत सोडणार नाही. संकेतस्थळे माहिती सांकेतिक रूपात पाठवतात. सुरक्षेसाठी ती पद्धत काही वर्षांनी बदलते. नवी पद्धत फोनला प्रणालीच्या सुधारणेतून कळते. कंपनीने सुधारणा देणे थांबवले की फोन जुनाच शब्द सांगत राहतो आणि दार उघडत नाही.

म्हणून माझ्या लक्षात आले की फोन एकदम निकामी होत नाही. ज्या गोष्टी बदललेल्या नाहीत त्या वायला अजून उत्तम जमतात : २जीवरचा कॉल, एसएमएस, गजर, उपग्रहाचा संदेश. ज्या बदलल्या त्या जमत नाहीत. रेडमीसुद्धा त्याच वाटेवर आहे. व्हॉट्सॲप त्यावर चालते, पण अँड्रॉइड ७.१ ला आता सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत.

४. आजीचा प्रश्न

मी गुणांची वही ऐटीत आजीला दाखवली. तिने ती लांब धरून पाहिली आणि म्हणाली, "लई झ्याक लिवलंयस. पर माझं काम कुठल्या रकान्यात हाय?"

मला उत्तर देता येईना. साधनांची परीक्षा मी घेतली, पण काम काय आहे हे विचारलेच नव्हते. मग मी नवे पान काढले आणि आजीला विचारून चार कामे लिहिली.

पहिले काम, बोलणे. आजीचे सिम वायमध्ये घातले. आवाज मोठा आणि स्पष्ट आला. तिला वाय मनापासून आवडला. तो मुठीत मावतो आणि खाली मधोमध खरेखुरे बटण आहे. "चुकलं की ह्ये दाबायचं, परत घरी!" असे ती म्हणाली. हा गुण माझ्या पहिल्या यादीत नव्हताच.

दुसरे काम, पुण्याच्या आत्याला पाहून बोलणे. त्यासाठी पुढचा कॅमेरा आणि व्हॉट्सॲप लागते. फक्त रेडमी उत्तीर्ण.

तिसरे काम, पासबुकाचा फोटो बाबांना पाठवणे. फक्त रेडमी उत्तीर्ण.

चौथे काम, दाखला. सरकारची 'जीवन प्रमाण' योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, त्यामुळे बोटांच्या ठशाची गरज उरली नाही. पण त्याच्या सूचनांमध्ये फोनला किमान ४ जीबी रॅम सांगितलेली आहे. रेडमीत आहे २ जीबी. म्हणजे सात गुण मिळवलेला फोनही मुख्य कामात नापास!

५. दाखला

शेवटी बाबांचा फोन घेतला. दाखला स्वतःच्याच फोनवरून द्यावा लागतो असे नाही. घरातल्या कोणाचाही चालतो. आधी बाबांचा चेहरा मदतनीस म्हणून नोंदवला. मग आजीचा आधार क्रमांक, निवृत्तिवेतनाचा क्रमांक आणि बँक खाते भरले. आजी खिडकीजवळ खुर्चीत ताठ बसली, पदर नीट केला आणि विचारले, "हसायचं का?" बाबा म्हणाले, "आई, फक्त डोळ्यांची उघडझाप कर." तिने डोळे मिटले, उघडले आणि काम झाले.

तेवढ्यात टेबलावरचा छोटा वाय वाजला. आजीचे सिम अजून त्यातच होते. दाखला तयार झाल्याचा एसएमएस त्याच्यावर आला. कागदावर सर्वांत कमी गुण मिळालेल्या फोननेच ती बातमी दिली.

६. निष्कर्ष

मी बाबांना पुढील निर्णय कारणांसह लिहून दिला. आजीला रेडमी द्यावा, कारण चारपैकी तीन कामे तो करतो. सुरक्षा सुधारणा बंद असल्यामुळे त्यात बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे कोणतेही ॲप ठेवू नये. वाय राखीव ठेवावा. रेडमी दुरुस्तीला गेला तर बोलण्यापुरता तो पुरेसा आहे. दाखल्यासाठी दरवर्षी घरातल्या कोणाचा तरी नवा फोन वापरावा, किंवा पोस्टमनला घरी बोलावावे; डाक विभागाच्या पेमेंट्स बँकेने २०२० पासून ती सोय केली आहे. हे ऐकून आजी खूश झाली. "म्हंजी शेवटी पोस्टमनच की!" ती म्हणाली.

ज्या वाचकांच्या घरी असे जुने फोन पडून आहेत, त्यांच्यासाठी तीन सूचना :

(१) वैशिष्ट्ये पाहण्याआधी वापरणाऱ्या माणसाला त्याची कामे विचारा आणि ती लिहून काढा.

(२) जुना फोन घेताना प्रणाली कोणती आहे आणि सुधारणा मिळतात का, हे रॅम व कॅमेऱ्याआधी पाहा.

(३) फोन दुसऱ्याला देण्यापूर्वी फोटो आणि क्रमांक काढून घ्या, मेमरी कार्ड काढा आणि फोन पूर्ण पुसा. अगदीच निकामी असेल तर कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्या. बॅटरी उकिरड्यावर पेट घेऊ शकते.

आजी आता गावी आहे. रविवारी माझा नंबर आला की मी आधी तिला फोन लावतो. ती पहिल्याच रिंगला उचलते आणि विचारते, "जेवलास का?" एवढ्या कामाला दोन्ही फोन चालले असते.