टोपाथच्या बाजूची खिडकी

इंग्लंडच्या कालव्यांवर आम्ही दोघं नॅरोबोटीत राहतो म्हटल्यावर लोक ठरलेले प्रश्न विचारतात. थंडी वाजत नाही का? पाणी-वीज कुठून आणता? आणि मग, आवाज जरा खाली आणून, "पण बाहेरून सगळं दिसत असेल ना?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचं उत्तर प्रत्येकाला स्वतःच्या बोटीत शोधावं लागतं.

नॅरोबोट म्हणजे सुमारे सहा फूट दहा इंच रुंदीची आणि चाळीस-पन्नास-साठ फूट लांबीची पोलादी बोट. अठराव्या शतकात मिडलंड्समधल्या कालव्यांवर बोटींना वर-खाली नेणारे सात फूट रुंदीचे लॉक बांधले गेले आणि बोटींची रुंदी तेव्हापासून तेवढीच राहिली. घर असं लांबट, दोन्ही अंगांना खिडक्या आणि एका अंगाला हाताच्या अंतरावर टोपाथ. पूर्वी बोट ओढणारे घोडे चालायचे ती ही काठावरची वाट. आता तिच्यावरून सायकली, धावणारी माणसं, बाबागाड्या आणि कुत्री दिवसभर जात असतात. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथेही दाराबाहेरच्या गॅलरीतून दिवसभर माणसं जायची, पण ती ओळखीची असायची. इथली अनोळखी असतात आणि बोट हलते तशी दर पंधरवड्याला बदलतात.

लंडनची भाडी परवडत नाहीत म्हणून बोटीचा विचार करणारी मराठी मुलंमुली मला अधूनमधून भेटतात. आडोशाच्या या दहा गोष्टी मुख्यतः त्यांच्यासाठी.

१. आधी चालणाऱ्याच्या डोळ्यांची उंची बघा.

बोटीची जमीन पाण्याच्या पातळीखाली असते. आत बसलं की खिडकीतून दिसतात ते माणसांचे पाय आणि कुत्र्यांची तोंडं. याचा अर्थ चालणाऱ्याची नजर खिडकीत वरून, तिरकी उतरते. घरात आपण खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकतो, कारण रस्त्यावरचा माणूस समोरून बघतो. बोटीवर हे उलटं आहे. खिडकीच्या खालच्या भागातून टोपाथवरच्या माणसाला दिसते ती बोटीतली जमीन आणि फार तर आपले पाय. वरच्या भागातून मात्र पलीकडच्या बाजूला बसलेल्याचा चेहरा, ताट, पुस्तक, सगळं दिसतं. म्हणून वरून खाली सरकणारा पडदा निम्म्यापर्यंत ओढला तरी दिवसाचं काम भागतं. खालून उजेड येत राहतो आणि टोपाथवरचं गवत दिसत राहतं. दुसरं असं की, टोपाथच्या बाजूच्या खिडकीला पाठ टेकून बसलेला माणूस बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. आमची वाचायची खुर्ची म्हणून त्या बाजूला आहे.

२. दोन्ही बाजूंना सारखीच सोय हवी.

नवीन माणूस टोपाथच्या बाजूला जाड पडदे लावतो आणि पाण्याची बाजू मोकळी सोडतो. पण टोपाथ एकाच काठाला राहत नाही, मध्येच पुलावरून पलीकडे जातो. बोट वळवायच्या जागाही ठरावीक आहेत, त्यामुळे कोणती बाजू काठाला लागेल हे दर वेळी आपल्या हातात नसतं. कायमची जागा नसलेल्या बोटीला एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातली ही अट आहे. आज डावी बाजू वाटेवर, तर पुढच्या मुक्कामी उजवी. शिवाय पाण्याच्या बाजूनेही बोटी जातात. चालणाऱ्याच्या वेगाने, सुकाणूवर उभा माणूस, आणि त्याच्यासमोर आपली खिडकी.

३. भिंत तिरकी आहे हे लक्षात ठेवून शिवा.

बोटीच्या केबिनच्या भिंती वर जाताना आत झुकतात, पुलांच्या कमानींना घासू नये म्हणून. वर दांडी लावून पडदा सोडला तर तो सरळ लोंबतो आणि खाली खिडकीपासून दूर राहतो. त्या फटीतून रात्री सगळं दिसतं आणि गार वाराही तिथूनच शिरतो. उपाय एकच, पडदा खालीही धरून ठेवायचा. आमच्याकडे वर आणि खाली दोन्हीकडे स्प्रिंगची तार आहे, तीच हूकवाली, आपल्याकडे खिडकीच्या अर्ध्या पडद्याला वापरतात ती. पडदा दोन तारांवर ताणून बसतो आणि बाजूला सरकतो. काही जण कडेत चुंबक शिवतात. बोट पोलादी असली तरी आतून लाकडाचं अस्तर असतं आणि खिडकीच्या चौकटी बहुधा अॅल्युमिनियमच्या, तेव्हा चुंबक कशालाच चिकटत नाही. समोर चुंबकाचीच दुसरी पट्टी चिकटवावी लागते. लोखंडी पट्टी लावू नका, ओलीने गंजते आणि पडद्यावर डाग पडतात.

४. दिवसाची खिडकी आणि रात्रीची खिडकी वेगळी.

सगळ्यात जास्त वेळ मी याच्यावर घालवला आहे आणि बोटवाल्या मंडळींशी सगळ्यात जास्त बोलणं याच विषयावर होतं. काचेतून कोण कोणाला दिसणार हे उजेड कुठल्या बाजूला जास्त आहे यावर ठरतं. दिवसा बाहेर लख्ख आणि आत मंद असतं. त्यामुळे साधा जाळीचा पडदाही पुरतो: आपल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला पांढरट जाळी दिसते. आरशासारखी चकाकी असलेली फिल्म काचेला लावली तर दिवसा बाहेरच्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. पण अंधार पडला, आत दिवा लागला की सगळं पालटतं. तीच जाळी, तीच फिल्म आता आपल्यालाच काळी भिंत दाखवते आणि बाहेरच्याला आपलं घर. इंग्लंडच्या हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारतं, म्हणजे स्वयंपाक, जेवण, अभ्यास सगळं दिव्याखाली.

म्हणून पडदे लावून झाले की एका रात्री आत सगळे दिवे लावा, घरातल्या कोणाला तरी नेहमीसारखं वावरायला सांगा आणि स्वतः टोपाथवरून दोन्ही दिशांनी चालत जा. आमच्या जाळीच्या पडद्यातून मला माझ्याच मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या मोजता येत होत्या. हळद कमी झाली आहे हेही दिसत होतं. रात्रीसाठी त्या जाळीमागे दुसरा, घट्ट विणीचा पडदा आला तो तेव्हापासून.

दिव्यांची जागाही बघा. दिवा पलीकडच्या भिंतीवर असेल तर आपण दिवा आणि पडदा यांच्या मध्ये येतो आणि आपली अख्खी सावली पडद्यावर पडते. कपडे बदलताना हे फार लाजिरवाणं होतं. दिवा टोपाथच्याच भिंतीवर, खिडकीच्या वर बसवला तर सावली पाण्याच्या बाजूला जाते. बाजू बदलते म्हणून दोन्ही भिंतींवर वेगळी बटणं असलेले दिवे ठेवावेत. बारा व्होल्टचे एलईडी फार वीज खात नाहीत, त्यामुळे हे परवडतं.

५. गोल खिडकीला बूच.

जुन्या वळणाच्या बोटींना पितळी गोल खिडक्या असतात. त्यांना पडदा शोभत नाही आणि बसतही नाही. फोमची जाड चकती कापून, वर कापड चढवून ती खिडकीच्या खोबणीत दाबून बसवतात. थेट बूच म्हणावं असंच ते दिसतं. थेंबभर उजेड आत-बाहेर होत नाही, ऊब टिकते, सायकलवाल्यांचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत. फोम मात्र पाणी न पिणारा घ्या. स्पंज घेतला तर काचेवरची ओल तो शोषतो आणि महिन्याभरात कुबट वास येतो. मागे कापडाची छोटी पट्टी शिवली तर ओढून काढायला सोपं जातं.

६. ओल हा खरा शत्रू.

बोटीच्या भिंतींत फोमचं अस्तर भरलेलं असतं, काच मात्र बहुतेक वेळा एकेरी. त्यामुळे दोन माणसांचा रात्रभरचा श्वास, कुकरची वाफ, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांचं पाणी घरातल्या सर्वांत गार जागी जमतं, म्हणजे खिडकीवर. पडदा जितका जाड तितकी काच जास्त गार आणि ओल जास्त. सकाळी पडद्याची खालची कड पिळता येईल इतकी भिजते आणि आठवड्याभरात तिच्यावर काळे ठिपके धरतात. सुती कापडाचं तर लवकरच. आईच्या जुन्या इरकलीचे मी पडदे केले आहेत, पण ते एप्रिल ते सप्टेंबर. थंडीत लवकर वाळणारं, अस्तराचं कापड. उठल्याबरोबर सगळे पडदे उघडायचे, बूच काढायचं, काच आणि चौकट फडक्याने पुसायची, मगच चहा. काचेच्या आत चुंबकाच्या पट्टीवर पातळ अॅक्रिलिकचा तक्ता बसवला तर ओल बरीच कमी होते. मोरीच्या खिडकीला हाच तक्ता दुधी घ्या, एका खर्चात दोन कामं होतात.

७. शेगडीजवळ कापड नको.

कोळसा-लाकडाच्या शेगडीलगतच्या खिडकीला लाकडी झडप करून घ्या. ओट्याच्या खिडकीला दुधी फिल्म पुरते. थंडी येते म्हणून छतावरच्या वायुवीजनाच्या झरोक्यांत कधीही कापड कोंबू नका. शेगडीतून येऊ शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. १ एप्रिल २०१९ पासून बोटीच्या सुरक्षा तपासणीत त्याचा अलार्म सक्तीचा झाला, तो उगाच नाही. आणि जे काही लावाल ते अंधारात, आतून, एका हाताने निघालं पाहिजे. खिडकी आणि बाजूचं दार या सुटकेच्या वाटा आहेत.

८. आतला आडोसाही लागतो.

आई राहायला आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, बाहेरच्यांचं ठीक आहे, पण जावयासमोरून मी आंघोळीला जायचं तरी कसं?" बोट म्हणजे एकच लांब खोली. मध्ये एक जाड पडदा आणि "मी येते आहे" असा आवाज, एवढ्यावर तिचा महिना छान गेला.

अशा वेळी पूर्वीच्या मालवाहू बोटींवरच्या कुटुंबांचं मागल्या टोकाच्या केबिनमधलं जगणं आठवतं. जेमतेम दहा फूट लांबीच्या त्या खोलीत आईबाप आणि मुलं राहत. कपाटाची फळी आडवी पाडली की पलंग व्हायचा आणि त्याच्यापुढे क्रोशाची झालर लावलेला पडदा ओढला जायचा. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने या गर्दीविरुद्ध मोहीम उघडली आणि १८७७ मध्ये कालव्यावरच्या बोटींचा कायदा झाला. बोटींची नोंदणी आली, किती माणसांनी राहायचं यावर मर्यादा आली. आरोग्याच्या दृष्टीने ते हवंच होतं. पण त्या बोटींवरच्या बायकांनी विणलेली झालर मी एका संग्रहालयात पाहिली आहे, आणि इतक्या कमी जागेत त्यांनी आपल्यापुरता कोपरा राखला याचा मला फार आदर वाटतो.

९. सगळं कायम बंद ठेवू नका.

दिवसभर झाकलेली बोट रिकामी वाटते आणि चोराला तेच हवं असतं. लॅपटॉप नजरेआड ठेवा, पण एखादी खिडकी उघडी असू द्या. दुसरं कारण याहून मोठं आहे. कालव्यावर शेजारी एकमेकांच्या खिडक्यांवर लक्ष ठेवतात, आत न डोकावता. आमच्या पुढे बांधलेल्या बोटीवर एक वृद्ध गृहस्थ एकटे राहायचे. सकाळी आठला त्यांच्या गोल खिडकीचं बूच निघायचं. एकदा दहा वाजले तरी निघालं नाही म्हणून आम्ही छतावर टकटक केली. ते तापाने पडून होते, पाणी घ्यायलाही उठवत नव्हतं. शेजाऱ्याला आपली सकाळ कळेल अशी एक खिडकी बोटीला हवीच.

१०. आणि टोपाथवरून चालणाऱ्यांना.

लंडनला आलात की लिटल व्हेनिसला, कॅम्डेनला जरूर या. रीजंट्स कालव्याच्या काठाने चाला. बोटींच्या फोटोंना कोणाची हरकत नसते. मागच्या डेकवर कोणी बसलेलं असेल तर हाक मारा, विचारा, बोटवाल्यांना आपल्या बोटीबद्दल बोलायला आवडतं. फक्त काचेला नाक लावून, हाताचा आडोसा करून आत बघू नका आणि खिडकीवर मोबाइल धरू नका. आत कोणाचं तरी जेवण चाललेलं असतं.