घरी ‘आर्गन’ वेल्डिंग करायचे तर



साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडताना तुम्ही पाहिल्या असतील. कारागीर म्हणतो, “हे साधं वेल्डिंग नव्हे, आर्गनचं आहे.” पुस्तकातले ‘टिग’ वेल्डिंग ते हेच. 1910 साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, तेव्हा हे तंत्र जगात कोठेही नव्हते. 1941 च्या सुमारास अमेरिकेत रसेल मेरेडिथ यांनी विमानांतील मॅग्नेशियम जोडण्यासाठी ते विकसित केले. त्यांनी हेलियम वापरला; आपल्याकडे आर्गन वापरतात.

आता ही यंत्रे हातात उचलण्याइतकी लहान झाली आहेत. म्हणून “सर, घरी घेऊ का?” असा प्रश्न येतो. उत्तर गणिताने काढू.

टंगस्टनची सळई आणि जोडायचा पत्रा यांच्यामध्ये विजेची प्रज्योत पेटते. टंगस्टनचा वितळबिंदू 3422 अंश सेल्सिअस, म्हणून तो टिकतो. पण तापलेला टंगस्टन हवेत जळतो. त्याच्याभोवती व वितळलेल्या धातूभोवती आर्गनचे पांघरूण हवे. पोलादासाठी एकदिश प्रवाह घेऊन टंगस्टन ऋण टोकाला जोडतात. इलेक्ट्रॉन पत्र्यावर आदळतात, त्यामुळे बहुतेक उष्णता तेथेच पडते. जोडणी उलटी केलीत तर टंगस्टनचेच टोक वितळून गोळा होईल! ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. तो 660 अंशांना वितळतो, पण त्यावरची ऑक्साइडची साय सुमारे 2070 अंशांपर्यंत दाद देत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या एका अर्ध्या फेऱ्यात ती साय फुटते. असे यंत्र महाग असते. फक्त पोलाद जोडायचे असेल तर ते घेऊ नका.

100 अँपिअरला प्रज्योतीचे विभवांतर सुमारे 14 व्होल्ट, म्हणजे शक्ती 1400 वॉट. यंत्राची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर 1750 वॉट. 230 व्होल्टला साधारण 7.6 अँपिअर. प्रत्यक्षात थोडे जास्तच, पण 16 अँपिअरचा प्लग पेलेल. आता 200 अँपिअरचे गणित करा: 18 व्होल्ट, 3600 वॉट, आणि घरच्या वायरिंगमधून 19 पेक्षा अधिक अँपिअर! पाटीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याला 60 ते 80 अँपिअर पुरतात. अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्या, आणि लांब, बारीक वायरची जोड लावू नका.

आता डोळे. कॉलेजात असताना खिडकीची जाळी जोडणे मी पाच मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहिले. तेव्हा काहीच झाले नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होऊन जाग आली. जंबुपार किरण बुबुळावरच्या पारदर्शक पटलात शोषले जातात आणि दुखणे काही तासांनी उमटते. मुखवट्याची काच 10 क्रमांकाच्या आसपासची हवी, आणि ती बघ्यांनाही हवी. विशेषतः शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावंडांना. पांढऱ्या भिंतीवरून परतलेले किरणही भाजतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा घाला.

टंगस्टनवर लाल पट्टी असेल तर त्यात थोरियम आहे, तो किरणोत्सारी असतो. त्याचे अल्फा कण कातडी अडवते, पण घासताना उडालेली धूळ फुप्फुसात गेली तर अडवायला कोणी नाही. निळ्या पट्टीचा, लँथॅनमयुक्त घ्या. जस्त चढवलेला पाइप जोडू नका; जस्त 907 अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने थंडीताप भरतो. क्लोरिनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग तर मुळीच नाही. त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो.

आर्गन स्वतः विषारी नाही. श्वासातल्या हवेत तो जवळजवळ एक टक्का असतोच. पण तो हवेपेक्षा जड, रंग नाही, वास नाही; खड्ड्यात किंवा बंद खोलीत साचून प्राणवायूला हुसकावतो. बरे, अगदी उघड्यावर करावे तर साताऱ्याचा वारा वायूचे पांघरूण उडवून नेतो. तेव्हा दोन बाजू मोकळ्या असलेली शेड, वाऱ्याच्या बाजूला एक पत्रा आडवा, आणि पहिले काही महिने शेजारी जाणता कारागीर.