जुन्या इमारतीस नवी जोड

रायपूर शहराच्या जुन्या भागात, बूढा तलावाच्या काठी, बूढापारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढात ‘पारा’ म्हणजे आपल्याकडील आळी. शहरातील दुसऱ्या एका आळीचे नाव तात्यापारा असून ते तेथील जुन्या मराठी वस्तीची आठवण करून देते. बूढापाऱ्यातील एका शाळेसही माधवराव सप्रे यांचे नाव आहे. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे दोन मराठी ग्रंथ हिंदीत नेले ते ह्याच सप्रे यांनी. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढे झालेले स्वामी विवेकानंद, आपल्या वडिलांच्या मागोमाग रायपुरास आला व सुमारे दोन वर्षे राहिला. त्याचे वास्तव्य बूढापाऱ्यातील डे भवनात होते असे परंपरेने मानतात. तलावाचे ‘विवेकानंद सरोवर’ हे आजचे नाव त्यावरूनच पडले.

अशा वस्तीपुढे आज एक प्रश्न उभा आहे. तो रायपूरचाच नव्हे, तर पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा प्रत्येक शहराच्या गावठाणाचा आहे. जमिनीची किंमत वाढली, कुटुंबे वाढली, व्यापार वाढला. घर मात्र तेवढेच राहिले. मग मालक म्हणतो, जुने घर मी पाडीत नाही, परंतु त्याच्या मागे किंवा माथ्यावर चार मजले चढवितो. ह्याला होकार द्यावा की नकार? द्यावयाचा तर कोणत्या अटींवर? ह्या वादात भावनेचा भाग मोठा असला तरी त्यातील बराचसा अंश मोजता येण्याजोगा आहे. तो आधी मोजून घेतला म्हणजे उरलेला वाद सोपा होतो.

प्रथम जमिनीकडे पाहू. छत्तीसगढच्या मैदानातील शेतकरी मातीचे चार प्रकार सांगतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा ही मुरमाड माती. कन्हार काळी व चिकण. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुन्या घराच्या विटांच्या जाड भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, त्यांचा पाया रुंद पण उथळ असतो, आणि शंभर वर्षांत त्यास जेवढे खचावयाचे तेवढे तो खचून स्थिर झालेला असतो. त्याच्या शेजारी लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची उंच इमारत उभी राहिली म्हणजे दोन गोष्टी घडतात. पायासाठी खोल खणल्याने जुन्या पायाच्या कडेचा मातीचा आधार निघून जातो. आणि नवा भार जमिनीत खाली व बाजूस पसरून जुन्या पायाखालच्या मातीपर्यंत पोहोचतो. नवी इमारत खचू लागते व शेजारणीला आपल्याकडे ओढते. भिंतीत तिरप्या भेगा दिसू लागल्या की समजावे, खचणे सर्वत्र सारखे नाही. भेगेवर काचेची पातळ पट्टी चुन्याने चिकटवून तारीख लिहून ठेवतात; पट्टी तडकली तर भेग अजून वाढत आहे. उपकरण साधे आहे, पण पुष्कळ वाद ते एका महिन्यात मिटविते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. एक अंश सेल्सिअस तापमान वाढले की एक मीटर लांबीचे काँक्रीट मीटरच्या सुमारे एक लक्षांश इतके वाढते. विटांचे बांधकाम त्याच्या जवळजवळ निम्मे. तीस मीटर लांबीची काँक्रीटची गच्ची घेतली आणि तापमानात तीस अंशांचा फरक धरला, तर ती सुमारे ९ मिलिमीटर लांबते. तिच्याखालची विटांची भिंत पाचच्या आसपास लांबते. हा चार मिलिमीटरचा फरक कोठेतरी निघालाच पाहिजे, आणि सांधा ठेवला नसेल तर तो भिंत फोडून निघतो. म्हणून नव्या भागाचा पाया, खांब व भिंती स्वतंत्र ठेवून दोहोंमध्ये मोकळा सांधा सोडावा हे उत्तम. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची चालही अशीच घातक आहे : जुनी भिंत ओलावा घेते आणि सोडते, सिमेंट तो आत कोंडून धरते, व वीट क्षारांनी भुगा होते. सिमेंट लावले की दुरुस्ती कायमची झाली अशी समजूत आपल्याकडे का रुजली, कोण जाणे!

आता नजरेचा हिशेब. समजा, गल्ली ८ मीटर रुंद आहे, जुन्या घराचा कठडा ९ मीटर उंच आहे, आणि पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आहेत. समोरच्या कडेला उभे राहिल्यास दृष्टिरेषा ८ मीटरांत साडेसात मीटर चढते. तेव्हा कठड्यापासून सव्वातीन मीटर मागे सरकून ३ मीटरांचा नवा मजला बांधला तर तो रस्त्यावरून दिसणार नाही. मात्र तेच घर तलावाकाठी असून पाहणारा पाण्यापलीकडे १०० मीटरांवर असेल, तर तोच मजला झाकण्यास ४० मीटर मागे जावे लागेल. एवढे खोल घर बूढापाऱ्यात कोणाचे असणार? गल्लीतील घरांस लावलेला नियम तलावाकाठच्या घरांस का पुरत नाही, हे ह्यावरून कळते. तलावाकाठी उंचीच आवरली पाहिजे. दुसरा उपाय नाही.

भारतातील सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे मुंबईचा ताजमहाल हॉटेल. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी आखलेली ही इमारत वैद्यांच्या मृत्यूनंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरी केली व १९०३ साली ती उघडली. शेजारचे ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी १९७३ साली मेल्टन बेकर यांच्या आराखड्याचा उंच मनोरा उभा राहिला. मनोऱ्याच्या खिडक्यांना कमानींचा आकार देऊन त्याने जुन्याशी नाते जोडले खरे. तथापि उंचीने तो जुन्या घुमटास मागे टाकतो. प्रस्तुत लेखकास तो भव्य वाटतो, पण समुद्रावरून पाहताना नजर आधी त्याच्यावर जाते ही उणीवच. एक गुण मात्र मान्य करावा लागतो : जोड स्वतंत्र राहिली, जुन्या इमारतीच्या डोक्यावर चढली नाही. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जुन्या इमारतीची मोठी हानी झाली. मनोरा त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाला, जुनी इमारत २०१० च्या ऑगस्टात.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले. त्याच्या काळजीपूर्वक जीर्णोद्धारास युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पुढे नव्या दालनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली व २०१४ साली अमेरिकन वास्तुशिल्पी स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला; परंतु ते दालन बांधले गेले नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या विस्ताराचा एक आराखडा १९८४ मध्ये राजपुत्र चार्ल्स यांनी जाहीर भाषणात झोडपल्यावर मागे घेतला गेला, आणि वेगळ्या आराखड्याचे दालन १९९१ साली उघडले. पॅरिसमध्ये लूव्हरच्या चौकातील काचेच्या पिरॅमिडवरही टीकेचा भडिमार झाला होता. १९८९ पासून तो तेथे आहे आणि आता त्या वास्तूची खूणच बनला आहे. तेव्हा लोकांची पहिली नापसंती हा पुरावा नव्हे, आणि तज्ज्ञांची पसंती हाही नव्हे.

नियमांचे म्हणाल तर १९६४ च्या व्हेनिस सनदेने मुख्य तत्त्व घालून दिले आहे. जोड अशी असावी की तिने मूळ वास्तूचे महत्त्वाचे भाग, तिचा समतोल आणि परिसराशी असलेले नाते बिघडू नये. आणि नवे काम नवे म्हणून ओळखू यावे. मुंबईने १९९५ साली वारसा-नियम केले व इमारतींच्या श्रेणी ठरविल्या. ‘दोन-ब’ श्रेणीच्या इमारतीच्या आवारात, उंची व दर्शनी भाग यांचा मेळ राखून, काही परिस्थितीत जोड बांधता येते. नियमामुळे ज्या मालकास बांधकाम सोडून द्यावे लागते त्यास तो हक्क अन्यत्र वापरण्याची वा विकण्याची मुभाही ह्याच नियमांत आहे. ही तरतूद महत्त्वाची आहे. कारण वारसा सर्वांचा आणि खर्च एकट्या मालकाचा, अशी वाटणी फार दिवस टिकत नाही.

रायपुरानेच एक तिसरा मार्गही दाखविला आहे. राजनांदगावचे महंत घासीदास यांनी १८७५ साली येथे अष्टकोनी इमारतीत संग्रहालय स्थापिले. जागा अपुरी पडली तेव्हा अष्टकोनाला शेपटे न जोडता नवी इमारत दुसरीकडे बांधण्यात आली, आणि १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अष्टकोनास जोड देणे कठीणच. कोठल्याही बाजूस भिंत लावली की आठांतली एक बाजू मरते.

परवानगी देण्यापूर्वी करावयाची एक कृती स्वित्झर्लंडमध्ये रूढ आहे. नियोजित इमारतीच्या कोपऱ्यांवर पुऱ्या उंचीचे खांब उभारून तिचा आकार लोकांस आगाऊ दाखवितात. आपल्याकडे बांबू आणि दोरी यांत हे काम होईल. शाळेतील मुलांनी आपल्या गावातील एखादे जुने घर निवडावे, त्याची उंची सावलीवरून काढावी, बांबूस लाल फडके बांधून कल्पिलेल्या मजल्याइतक्या उंचीवर धरावे आणि गल्लीच्या समोरच्या कडेवरून, चौकातून व तलाव असल्यास पलीकडच्या काठावरून ते कोठून कोठून दिसते त्याची नोंद नकाशावर करावी.