एवढासा पट्टा येतो कुठून?

प्रश्न : एका प्रदर्शनात तळहातावर मावेल एवढं हरिकेन विमान पाहिलं. वैमानिकाच्या खुर्चीला पट्टे, बाजूला नळ्या, तोफांना आरपार भोकं! माझ्या मुलाने आणलेल्या किटमध्ये मात्र नुसती ठोकळ्यासारखी खुर्ची निघाली. हे बारीक भाग विकत मिळतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मिळतात, पण महाग. मुरलेले हौशी ते स्वतःच घडवतात, आणि लागणारं बहुतेक सामान घरातच सापडतं.

आधी किटची बाजू ऐकून घेऊ. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरतात. फट फार अरुंद असली, तर ते टोकाला पोचण्याआधीच थिजतं. म्हणून खुर्चीची भिंत साधारण १ मिलिमीटर जाड ठेवतात. १/७२ प्रमाणात हिशेब करा : ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३ इंच! असल्या खुर्चीत वैमानिक मावायचा कसा? एखादा खटका राहून गेला तर कुणाला कळत नाही, जाडी मात्र लगेच चुगली करते. तेव्हा बारकावे वाढवण्याआधी जाडी मारावी, असं माझं मत.

पट्ट्यासाठी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घ्या. खरा पट्टा २ इंच रुंद धरला, तर आपली पट्टी ०.७ मिलिमीटरची. काचेवर फॉइल पसरून, स्टीलची पट्टी दाबून, कोऱ्या ब्लेडने एका ओढीत कापायची. कागदही चालतो, पण तो वाकवला की पुन्हा उसळतो. फॉइल खुर्चीवर जसा टाकाल तसा पडून राहतो.

हरिकेनचा सांगाडा धातूच्या नळ्यांचा, आणि कॉकपिटमध्ये तो उघडाच दिसतो. त्यासाठी किटचे भाग ज्या काडीला जोडलेले येतात ती फेकू नका. मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवत धरा. मऊ पडली की बाजूला घेऊन ओढा. हळू ओढली तर जाड, झपकन ओढली तर केसासारखी तार निघते. (खिडकी उघडी हवी, आणि मुलाशेजारी तुम्ही.) अनेक किटमध्ये कॉकपिटला सपाट तळ दिलेला असतो. खऱ्या हरिकेनला असा सलग तळ नव्हताच! पायांसाठी दोन पन्हळी होत्या. हातातली वस्तू पडली की थेट विमानाच्या पोटात.

तोफांची युक्ती मला सगळ्यांत आवडते. हरिकेनच्या ‘दोन-सी’ प्रकाराला २० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. ७२ ने भागलं की भोक येतं ०.२८ मिलिमीटरचं. ड्रिलने एवढं भोक पाडताना नळी फाटते. पण औषधाच्या दुकानातल्या २६ गेजच्या सुईचं आतलं भोक ०.२६ मिलिमीटर असतं! नवी सुई आणा, टोक कानशीने घासून काढा. काही विमानांत तोफेवर स्प्रिंग उघडी दिसते. तिथे जुन्या वायरमधली तांब्याची एक तार घट्ट गुंडाळा. धातूला प्लॅस्टिकचा सिमेंट धरत नाही, सुपरग्लूच लागतो.

आणि कॉकपिटची काच मागे सरकवलेली बसवा. बंद ठेवलीत, तर किटच्या जाड काचेआड ते पट्टे कुणालाच दिसणार नाहीत.