मॅक्रो लेन्स भेट देण्याआधी

फोटोग्राफरला मॅक्रो लेन्स भेट द्यायची असेल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी दोन गोष्टी करा. त्याने काढलेले फोटो नीट बघा आणि त्याच्या कॅमेऱ्याचं मॉडेल लिहून घ्या. अचानक भेट देण्याची हौस मी समजू शकतो, पण लेन्सच्या बाबतीत ही हौस महागात पडते.

माझी पुतणी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहते. तलावाकाठचे चतुर आणि टाचण्या, तुंगारेश्वरच्या वाटेवरचे कोळी आणि घरच्या कढीपत्त्यावर अंडी घालणारी फुलपाखरं हे तिचे विषय. तिला नोकरी लागली तेव्हा आम्ही भावंडांनी पैसे काढून तिला लेन्स द्यायचं ठरवलं. दुकानदाराला सगळं सांगितलं होतं: मुलगी किड्यांचे फोटो काढते, बजेट बेताचं आहे, मॅक्रोच हवी. त्याने ७०-३०० मिमीचा झूम हातात ठेवला. लेन्सच्या अंगावर ‘मॅक्रो’ असं ठसठशीत छापलेलं होतं.

घरी आल्यावर खरा प्रकार कळला. त्या लेन्सला फोकससाठी किमान ९५ सेंटिमीटर अंतर लागत होतं. आपल्याकडच्या बाल्कन्या त्या केवढ्या! पाठ ग्रिलला टेकली तरी कढीपत्त्याची कुंडी जवळच राहायची. कुंडी घरात आणून फोटो काढला, तर अळी बरी आली. “पण काका, अंडं नुसता ठिपका दिसतंय,” ती म्हणाली. दुकानदाराने बिलावरची ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट. लेन्सवर छापलेल्या ‘मॅक्रो’ शब्दावर जाऊ नका, १:१ हा आकडा विचारा. १:१ म्हणजे किडा जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. बऱ्याच झूम लेन्स १:२ किंवा १:४ वर थांबतात आणि तरी मॅक्रो म्हणून विकल्या जातात. निकॉनच्या खऱ्या मॅक्रो लेन्सवर ‘मायक्रो’ लिहिलेलं असतं, तेव्हा ते बघून गोंधळू नका.

दुसरी गोष्ट, फोटो काढणाऱ्याचा किडा केवढा आहे ते बघा. एपीएस-सी सेन्सर जेमतेम २३ मिमी रुंद असतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेला नीलवंत पंख पसरून १२ ते १५ सेंटिमीटर भरतो. १:१ वर त्याचा एक पंखही फ्रेममध्ये मावणार नाही. ज्याला ठाण्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरंच टिपायची आहेत, त्याचं काम जवळ फोकस होणाऱ्या साध्या टेलिझूमवर भागतं. उलट पाच मिलिमीटरच्या उडी मारणाऱ्या कोळ्याचे डोळे हवे असतील, तर १:१ सुद्धा कमी पडतं.

तिसरी गोष्ट, अंतर. ४० मिमीची मॅक्रो स्वस्त पडते आणि १:१ देते, पण त्यासाठी लेन्सचं तोंड किड्यापासून साडेतीन सेंटिमीटरवर न्यावं लागतं. फुलाला, नाण्याला, दागिन्याला त्याचं काही वाटत नाही. चतुर मात्र तेवढ्यात उडून जातो, आणि बसून राहिला तरी लेन्सची सावली त्याच्यावर पडते. ९० ते १०५ मिमीच्या लेन्सला साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर मोकळे मिळतात. किड्यांसाठी घ्यायची तर हीच घ्या.

चौथी गोष्ट, माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते ती जागा. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरला बसत नाही. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नसते, म्हणून जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. मात्र एवढ्यावरून अशी लेन्स नाकारू नका. १:१ वर एफ/८ ठेवलं तरी जेमतेम अर्धा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. त्यामुळे सरावलेली माणसं फोकस हातावरच ठेवतात आणि श्वास रोखून स्वतःच केसभर पुढेमागे होतात. पैसे वाचवायला ही चांगली जागा आहे.

सेकंडहँड घेणार असाल, तर खिशात छोटी बॅटरी ठेवा. फोर्टातल्या बोरा बाजारात जा किंवा ओळखीतल्या कुणाकडून घ्या, दोन्ही बाजूंची झाकणं काढून एकीकडून उजेड टाका आणि दुसरीकडून तिरकं बघा. काचेवर कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी आहे. आपल्या वसई-विरारच्या पावसाळी दमट हवेत ती झपाट्याने वाढते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बॉडी लावून एक फोटो काढून बघा, आणि ‘कॅमेऱ्याला न जुळल्यास बदलून देऊ’ हे बिलावर लिहून घ्या.

एवढं करूनही बजेट बसत नसेल, तर आमच्याकडे जे झालं ते लक्षात घ्या. पुतणीने स्वतः शोधून रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंग मागवलं. ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टरच्या आट्यांवर ते चिमट्याने बसतं, त्यामुळे कंपनी आणि माउंटचा प्रश्नच उरत नाही. २५० मिमीच्या झूमवर ते लावलं की प्रतिमा मूळ किड्याच्या सुमारे दुप्पट मिळते आणि समोर बारा सेंटिमीटर जागा राहते. आम्ही दिलेला तोच झूम बाल्कनीत कामाला आला. मिलिमीटरभराच्या अंड्याची गोलाई आणि पानाला चिकटलेली त्याची कड तिच्या फोटोत स्पष्ट दिसली. फोटोच्या कडांचा थोडा धूसरपणा आणि प्रकाशाची चणचण राहते. प्रकाशासाठी फ्लॅश वापरा; त्यावर ट्रेसिंग पेपरचं साधं आवरण लावलं तरी उजेड मऊ होतो.

तेव्हा ज्याच्याकडे ५५-२५० सारखा किट झूम आधीच आहे, त्याला आधी हे भिंग द्या. त्याच्यासोबत हवाबंद डबा आणि सिलिका जेल द्या. उरलेले पैसे बाजूला ठेवा आणि हात बसला की पुढच्या वाढदिवसाला १०० मिमीची लेन्स त्याला स्वतः निवडू द्या. काय कमी पडतंय ते तोवर त्यालाच नेमकं सांगता येईल, आणि तुमचा एकही रुपया वाया जाणार नाही.