पाव फेऱ्याचे गणित

गणिताचे शिक्षक रजेवर असल्याने एके दिवशी त्यांचा तास माझ्याकडे आला. मी कलाशाखेचा पदवीधर. तथापि शाळेतील भूमिती आपणास जमते, असा समज मनात होता. पाच अधिक तीन आणि तीन अधिक पाच यांचे उत्तर एकच, हा नियम सांगून मी पुढे म्हणालो, "फिरण्याचेही तसेच. संगमावरील औदुंबराला आधी पाच प्रदक्षिणा घालून मग तीन घाला, किंवा आधी तीन घालून मग पाच, एकूण आठच." मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, तेथे अक्ष एकच आहे. दोन निरनिराळे अक्ष असले तर?" मी "तरीही तेच" असे सांगून मोकळा झालो. त्याने काही न बोलता आपले पुस्तक उचलले.

वाचकहो, त्याने जे केले ते आपणही हाच अंक हाती घेऊन करावे. मुखपृष्ठ आपल्याकडे व मथळा सुलट असा अंक उभा धरा. आता एक उभा अक्ष कल्पा आणि त्याभोवती अंकास पाव फेरा असा द्या की, मुखपृष्ठ आपल्या उजव्या हातास वळेल. मग डावीकडून उजवीकडे जाणारा आडवा अक्ष घेऊन, अंकाची वरची कड आपल्यापासून दूर कलत जाईल असा पाव फेरा द्या. अक्ष आपल्या दृष्टीने स्थिर धरावयाचे. ते अंकाबरोबर फिरावयाचे नाहीत. अंकाची शिवण आता वर आली असून मुखपृष्ठ उजवीकडेच आहे.

पुन्हा मूळ स्थितीवर या आणि तेच दोन फेरे उलट क्रमाने द्या. या वेळी अंक आडवा झाला, मुखपृष्ठ आकाशाकडे आले व मथळ्याची बाजू डावीकडे गेली. फेरे तेच, अक्ष तेच. केवळ क्रम बदलला.

वर्ग हसला, मीही हसलो. वस्तुतः यात नवल ते काय? आमच्या या तुरीच्या मुलखात डाळ आधी भरडतात, मग शिजवतात. क्रम उलटा करून पाहण्याची कोणास छाती होत नाही! सपाट भूमीवर वस्तू फिरते तेव्हा तिचे सर्व फेरे एकाच उभ्या अक्षाभोवती होतात, म्हणून तेथे बेरीज चालते. अवकाशात मात्र पहिल्या फेऱ्याने वस्तूची जी बाजू समोर आणली, तिच्यावरच दुसरा फेरा घडतो.

माझी चूक इतके दिवस लपून कशी राहिली, याचेही उत्तर गणितात आहे. पाव फेऱ्याऐवजी एकेक अंशाचेच फेरे दिले, तर दोन क्रमांतील अंतर सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढेच पडते. ते डोळ्यांस कसे दिसावे?

एक बिंदू स्थिर ठेवून वस्तूस कितीही फेरे दिले, तरी त्या सर्वांऐवजी एखाद्या अक्षाभोवती एकच फेरा पुरतो, हे ऑयलर या गणितज्ञाने 1775 मध्ये सिद्ध केले. फेऱ्यांचा हिशेब ठेवण्यास सोयीचे असे अंक पुढे हॅमिल्टनला सुचले. दिनांक 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिन येथे कालव्याकाठी पत्नीसह चालत असता त्याला ते सूत्र स्फुरले व त्याने ते पुलाच्या दगडावर कोरले. या अंकांच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलते. ते विचित्र वाटले, तरी आज अंतराळयानांची दिशा राखताना हेच अंक उपयोगी पडतात. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर उतरलेले विक्रम यान प्रथम आडवे राहून वेग कमी करीत आले आणि नंतर उभे झाले. तेथे "तरीही तेच" म्हणून भागले नसते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझे विधान दुरुस्त केले. त्याच मुलाने आणखी एक गोष्ट शोधून आणली होती. वर सांगितलेली फेऱ्यांची जोडी त्याच क्रमाने लागोपाठ तीनदा दिली, की पुस्तक मूळ स्थितीवर येते. कारण ती जोडी म्हणजे 120 अंशांचा एकच फेरा होय. त्याचा अक्ष कोठे असावा, हे घनाकृती फासा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत चिमटीने धरून पाहावे.